आजीचा बिडाचा तवा: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

२ जून, रविवार

पावसाच्या आधी माळा साफ करायला घेतला आणि आजीचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा सापडला. पोत्यात गुंडाळलेला, वर पितळी डब्यांचं ओझं, बारा-तेरा वर्षं तरी कुणी हात लावला नसेल. सोबत सात खळग्यांचं बिडाचं आप्पेपात्र पण निघालं. तवा २८ सेंमी व्यासाचा, दोन बाजूला दोन कान, मध्ये अगदी किंचित खोलगट. वरची बाजू तांबडी लाल गंजलेली आणि खालच्या बाजूला इतक्या वर्षांच्या तेलाचा आणि काजळीचा असा थर की स्क्रू ड्रायव्हर लावला तर ढलपी निघते. वजनकाट्यावर २ किलो ७४० ग्रॅम भरला. आकडा मुद्दाम लिहून ठेवतोय, साफ झाल्यावर परत करणार.

आई म्हणाली भंगारात दे आणि नवा घे. नाही देणार. याच तव्यावर आजी घावनं करायची, मी पाटावर बसून एकेक खायचो, आणि आमच्या घरातल्या नॉनस्टिकवर तशी जाळी कधीच पडलेली नाही.

आधी तडा आहे का ते बघितलं, कारण तडा असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. कानाला सुतळी बांधून तवा अधांतरी धरला आणि लाकडी उलथन्याने टोला दिला, ठणठणीत वाजला. तडा असता तर आवाज बसका आला असता. मग सरळ पट्टी आडवी लावून वाकलाय का बघितलं, नाही. आप्पेपात्र पण वाजलं, फक्त जरा मऊ. तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही.

३ जून, सोमवार

कुडाळला आत्याला फोन लावला. तवा तिच्या आईचा, त्यामुळे तिला नुसतं सापडला म्हटल्यावरच इतका आनंद झाला की कामाचं विचारायला दहा मिनिटं लागली. तिचं म्हणणं असं की गंज निघाला की तीन दिवस भाताच्या पेजेत ठेवायचा, मग नारळाच्या शेंडीने तेल लावून चुलीवर तापवायचा. आणि एक वाक्य तिने दोनदा सांगितलं, "तेल लावलंस काय ता पुसून काढ, लावलंसच नाय असा वाटूक होया." मी हो हो म्हटलं आणि वहीत पण लिहिलं, पण तेव्हा ते नीट कळलं नव्हतं हे आता मागे वळून बघताना दिसतं.

८ जून, शनिवार

गंज काढायचे तीन मार्ग समोर होते. एक म्हणजे वायर ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचं. दुसरा व्हिनेगर, अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर करून अर्धा-अर्धा तास बुडवायचं आणि घासायचं, पण व्हिनेगर गंजावर थांबत नाही, गंज संपला की खालचं चांगलं लोखंड खायला लागतं, रात्रभर विसरलं तर पृष्ठभाग खडबडीत होतो. शिवाय तेलाच्या जुन्या थराला त्याने काही होत नाही. तिसरा इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज सोडवायचा, तोच केला.

मांडणी अशी: गच्चीवर ४० लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा या हिशोबाने. खाण्याचा सोडा नाही, धुण्याचा. टबच्या आतल्या कडेने बांधकामाच्या सळईचे चार तुकडे उभे केले, वरून तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडले, तार पाण्याच्या वर राहील अशी. टबवर आडवी काठी ठेवून तवा मधोमध टांगला, सळईला कुठेही टेकणार नाही असा. मग बॅटरी चार्जर, १२ व्होल्टचा, काळा चिमटा तव्याला आणि लाल सळईला. उलटं जोडलं तर तवाच विरघळायला लागेल, म्हणून हे तीन वेळा तपासलं. चार्जर जुना ट्रान्सफॉर्मरवाला आहे म्हणून चाललं, आताचे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी नसेल तर चालूच होत नाहीत.

दोन गोष्टी कुणी करणार असेल तर नीट वाचा. सळईच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा, जुना डबा वगैरे अजिबात लावू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. आणि हे काम उघड्यावरच करा, तव्यावरून जे बुडबुडे येतात तो हायड्रोजन आहे, बंद बाथरूममध्ये साठला तर एक ठिणगी पुरे. पाण्यात हात घालायच्या आधी चार्जर बंद करून पिन काढायची, दर वेळी.

चालू केल्यावर पाचच मिनिटांत तव्यावर बारीक बुडबुड्यांची साय आली. संध्याकाळपर्यंत पाणी गढूळ, वर चॉकलेटी फेस.

९ जून, रविवार

पावसाच्या भीतीने वर ताडपत्री टांगली होती, रात्रभर दर दोन तासांनी उठून बघत होतो. एकूण वीसेक तास चाललं असेल, मध्ये एकदा तवा फिरवला कारण सळईच्या समोर असते ती बाजू लवकर साफ होते. सकाळी बाहेर काढून नळाखाली धरला आणि प्लास्टिकच्या ब्रशने घासायला लागलो तर काळ्या थराच्या अख्ख्या पापड्या सुटून आल्या. तांबडा गंज काळ्या गाळासारखा झालेला, बोटाने पुसला जात होता. खाली करडं, स्वच्छ बीड. कानाच्या खाली मागच्या बाजूला एक अक्षर ओतलेलं निघालं, इतकी वर्षं थराखाली होतं, घरात कुणाला माहीत नव्हतं.

वजन २ किलो ६१० ग्रॅम. म्हणजे १३० ग्रॅम नुसती घाण होती.

आता इथे वेळ घालवायचा नसतो. उघडं बीड ओलं राहिलं आणि हवा पावसाळी असेल तर डोळ्यादेखत परत केशरी होतं, माझा फोन वाजला म्हणून पाच मिनिटं गेलो तर एका कडेला रंग धरलेला. तो ब्रशने काढला, फडक्याने पुसला आणि लगेच गॅसवर ठेवला, पूर्ण कोरडा होईपर्यंत.

१६ जून, रविवार

सीझनिंगला सुरुवात. नेटवर सगळीकडे जवसाच्या तेलाचं कौतुक वाचलं होतं आणि तर्क पण पटला. क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल लावतात, लाकडाच्या पॉलिशमध्ये, ऑइल पेंटमध्ये तेच असतं, कारण ते तेल हवेत आणि उष्णतेत सुकून कडक होतं. तव्यावर आपल्याला तेच हवंय. सीझनिंग म्हणजे तेल मुरणं नव्हे, बिडात तेल पिण्याएवढी भोकं नसतात. तेल तापलं की त्याचे रेणू एकमेकांना धरतात आणि लोखंडावर प्लास्टिकसारखी पातळ कडक फिल्म तयार होते, ती पाण्याने धुतली जात नाही.

तवा आमच्या २८ लिटरच्या ओटीजीत, म्हणजे छोट्या ओव्हनमध्ये, मावत नाही, कान आडवे येतात, म्हणून गॅसवरच. कोमट तव्याला तेल लावायचं, मध्यम आचेवर धूर येईपर्यंत तापवायचं, धूर थांबला की बंद, गार झाला की परत. दिवसभरात सहा हात दिले. घरभर धूर, एक्झॉस्ट चालू असून डोळे चुरचुरत होते. संध्याकाळी तवा काळा कुळकुळीत, आरशासारखा चमकत होता. फोटो काढून आत्याला पाठवला, तिने फक्त "बरो दिसता" लिहिलं.

२३ जून, रविवार

पहिली घावनं. तांदळाचं पीठ ताकाएवढं पातळ, मीठ, बाकी काही नाही. पहिलं घावन धरलं, उलथनं घातलं तर चिंध्या झाल्या, म्हटलं पहिलं सगळ्यांचंच बिघडतं. दुसरं धरलं. तिसरं कडेने सुटलं आणि मध्ये चिकटलं. तवा गार झाल्यावर बोट फिरवलं तर मध्ये गुळगुळीत आणि कडेला चिकट, बोटाचा ठसा उमटावा इतका.

३० जून, रविवार

फिल्म सुटायला लागली. भाकरी करून तवा पुसत होतो तर फडक्याला काळे पापुद्रे, जुन्या भिंतीचा ऑइल पेंट सुटतो तसे, आणि खाली करडं बीड दिसतंय. सहा हात, अख्खा रविवार, सगळं उतरवायला लागणार.

याचा विचार बऱ्याच खोलात जाऊन केला कारण मला परत तीच चूक करायची नव्हती. तेल किती सुकतं याचा एक आकडा असतो, आयोडीन व्हॅल्यू म्हणतात, तेलात जोडल्या जाऊ शकणाऱ्या जागा किती आहेत याचं ते माप. जवस १७० ते २००, सूर्यफूल ११० ते १४०, शेंगदाणा ८५ ते १०५ च्या आसपास आणि खोबरेल फक्त ६ ते ११. म्हणजे खोबरेल कितीही तापवा, त्याची फिल्म नीट होतच नाही, घावन घालताना लावायला ते उत्तम पण थर बसवायला निरुपयोगी. जवस दुसऱ्या टोकाला, फिल्म फार कडक होते, आणि कडक म्हणून ठिसूळ, तवा रोज तापतो गार होतो, थोडा फुगतो थोडा आक्रसतो, ती फिल्म त्याच्याबरोबर हलत नाही, तडकते. माझं मत आता पक्कं झालंय की रोजच्या तव्याला जवस नको. सूर्यफूल किंवा सोयाबीन, साधं रिफाइंड, किराणा दुकानात मिळतं ते.

पण चूक नुसती तेलाची नव्हती. कडेचा चिकटपणा जाड थराचा होता. जाड लावलं की वरचं सुकतं, खालचं कच्चं राहतं. आत्याचं वाक्य वहीत लिहिलेलं होतं, तीन जूनच्या पानावर.

७ जुलै, रविवार

दुसऱ्यांदा सुरुवात. सुटलेला थर वायर ब्रश आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढला, धुतला, तापवून कोरडा केला.

या वेळी रीत बदलली. तवा हाताला चटका बसेल इतका गरम करायचा, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने सूर्यफुलाचं तेल लावायचं, जेमतेम अर्धा चमचा सगळ्या तव्याला, मागची बाजू आणि कान धरून. मग दुसरं कोरडं फडकं घेऊन ते सगळं तेल चुकून लागलंय अशा भावनेने पुसून काढायचं. पुसल्यावर तवा मॅट दिसला पाहिजे, चमक दिसली की तेल जास्त आहे. मग तापवायचा. एक मिनिटाने परत पुसायचा कारण तापल्यावर तेल पातळ होऊन घामासारखं वर येतं. माझ्याकडे ऑफिसच्या कामाचा इन्फ्रारेड थर्मामीटर आहे, त्याने बघत होतो, २२० ते २४० डिग्रीच्या मध्ये ठेवला, वीस मिनिटं.

थर्मामीटरमुळे एक गोष्ट लक्षात आली. छोट्या बर्नरवर मध्यभाग २४० झाला तेव्हा कड १५० च होती. बीड उष्णता धरून ठेवतं पण पसरवत नाही, ॲल्युमिनियमच्या मानाने चार-पाच पट मंद. म्हणून १६ जूनला मध्ये फिल्म झाली आणि कड चिकट राहिली. आता मोठ्या बर्नरवर मंद आचेवर ठेवतो, दर तीन-चार मिनिटांनी तवा सरकवतो, एक कड ज्योतीवर, मग दुसरी. वेळ लागतो. चार हात झाले, रंग काळा नाही, गडद बदामी आहे, घाई करून काळा करायचा नाही असं ठरवलं.

१३ जुलै, शनिवार

नवी बिडाची कढई घेतली, रविवार पेठेतून, २६ सेंमी, साडेतीन किलो. दुकानदार म्हणाला प्री-सीझन्ड आहे, घरी नेऊन लगेच वापरा. घरी पांढऱ्या फडक्याने पुसली तर फडकं काळं, आणि वास मशीनच्या ऑइलचा. जे लावलंय ते गंज लागू नये म्हणून लावलेलं आहे, खायचं नाही. कुठलंही नवं बिडाचं भांडं आधी गरम पाणी आणि साबणाने कडक घासायचंच, लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

आत्याची पेजेची पद्धत हिच्यावर करून बघतोय. भाताची पेज आणि तांदळाचं धुवण एकत्र करून कढई काठोकाठ भरली.

१६ जुलै, मंगळवार

तीन दिवस झाले. पेज करडी-काळी, वर साय, आंबूस वास. आंबल्यामुळे ती हलकं आम्ल होते, म्हणजे व्हिनेगर जे काम झटक्यात करतं तेच पेज सावकाश करते आणि लोखंड खाऊन टाकायची भीती कमी. शिवाय रोज घरात फुकट असते. काथ्याने घासली, कोपऱ्यातलं काळं सगळं निघालं. ही कढई ओटीजीत बसते, उपडी ठेवून २३० डिग्रीला एक तास, बंद करून आतच गार होऊ दिली. असे तीन हात, उद्यापर्यंत.

१७ जुलै, बुधवार, आषाढी

नव्या कढईत साबुदाणा वडे तळले. थर बसवायला तळणीसारखं दुसरं काही नाही हे आता खात्रीने सांगतो, अर्धा तास गरम तेल कढईच्या प्रत्येक खड्ड्यात जाऊन बसतं. नव्या कढईचा पृष्ठभाग खडबडीत आहे, वाळूच्या साच्याचे कण उमटलेत. आजीच्या तव्याचा गुळगुळीतपणा उलथन्याने पन्नास वर्षं घासून आलेला आहे, तो विकत मिळत नाही. कढई पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावी का असा विचार आला होता, केली नाही, थराला धरायला थोडा खडबडीतपणा बरा असतो.

तव्यावर उपासाची थालीपीठं, चारही सुटली. पाचव्याला मी आच वाढवली आणि ते लागलं.

२८ जुलै, रविवार

आप्पेपात्र गेलं.

सकाळी आप्पे झाले, सुंदर झाले, दुसरा घाणा काढला आणि खळग्यात थोडं पीठ करपलं होतं म्हणून मी पात्र तसंच तापलेलं सिंकमध्ये नेलं आणि नळ सोडला. टिक् असा एकच आवाज आला. मोठा नाही, काडी मोडल्यासारखा. एका खळग्यापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ, आणि हातात घेतल्यावर तो तुकडा सुटूनच आला.

तुटलेली बाजू खिडकीत उजेडाला धरून बघत बसलो. आत चांदीसारखं काही नाही, राखाडी आणि दाणेदार, तुटलेल्या गुळाच्या ढेपेसारखं. बोट फिरवलं तर बोटाला काळं लागलं, पेन्सिलीचं लागतं तसं. रेघेच्या अर्ध्या भागात मात्र रंग वेगळा, तपकिरी, जुना. म्हणजे तडा आधीपासून होता, अर्धा, आणि उरलेलं माझ्या पाण्याने केलं. दोन जूनला आवाज मऊ आला होता तो हाच.

आईला वाईट वाटलं पण ती काही बोलली नाही. ती लग्न होऊन आली तेव्हापासून घरात होतं ते.

नियम: तापलेल्या बिडावर गार पाणी कधीच नाही. फ्रिजमधलं पीठ सुद्धा काढल्या काढल्या घालायचं नाही, निदान पाऊण तास बाहेर ठेवायचं. आणि गॅस एकदम मोठा करायचा नाही.

४ ऑगस्ट, रविवार

कोल्हापूरचा मित्र आलाय, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरीला आहे, त्याला आप्पेपात्राचा तुकडा दाखवला. त्याने बोटाला लागलेलं काळं बघितलं आणि म्हणाला ग्राफाइट आहे. बिडात कार्बन सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतो, पोलादात दोनच्या आत, बहुतेक पोलादात तर एकापेक्षाही कमी. बीड गार होताना हा जास्तीचा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते आतमध्ये पसरलेल्या हजारो बारीक चिरांसारखे दिसतात, ताण आला की तडा एका चिरेवरून दुसरीवर उडी मारत जातो. म्हणून पत्र्याचा लोखंडी तवा पडला तर पोचा येतो आणि बिडाचा पडला तर तुकडे होतात. वेल्डिंग होतं, निकेलच्या रॉडने, पण ते मशीनच्या भागांना, स्वयंपाकाच्या भांड्याला तो नको म्हणाला आणि मलाही पटलं.

मग साच्याबद्दल बोलत बसलो. वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी एवढ्यावर साचा उभा राहतो आणि त्यात साधारण १४०० डिग्रीचा लोखंडाचा रस ओततात. वाळूत बिडाची भांडी ओतायचं पेटंट अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये इंग्लंडात घेतलं, आणि गोष्ट अजून तीच आहे. आपल्याकडे किर्लोस्करांनी लोखंडी नांगर ओतले, १९१० ला किर्लोस्करवाडी वसवली, त्याचा वारसा म्हणा की अजून सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ओतकाम जाणणारी माणसं सापडतात. मित्र म्हणाला गाडीचे ब्रेक ड्रम आम्ही रोज ओततो, तुझा तवा त्यांचाच भाऊ आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

उद्या राखी, ताई काल आली. आज सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर नव्या कढईत मेंदी भिजवलेली, रात्रभर, चहाच्या पाण्यात, वरून लिंबू. आईची काही चूक नाही, आमच्या घरात केसांची मेंदी लोखंडी कढईतच भिजवतात, काळपट रंग यावा म्हणून, आणि स्टीलच्या जमान्यात ती कढई नव्हतीच, आता आली तर तिने वापरली.

धुतल्यावर मेंदी जिथपर्यंत होती तिथपर्यंतचा थर गेलेला, बरोबर गोल रेघ. आंबट आणि तुरट दोन्ही एकत्र. आंबटाने थर सैल होतो, आणि चहातलं, मेंदीतलं, आवळ्यातलं तुरट असतं ते लोखंडाशी मिळून शाईसारखा काळा रंग होतो, मेंदी काळी होते ती यामुळेच. चिंचेची आमटी, कोकम, टोमॅटोचा रस्सा लोखंडात काळा पडतो आणि धातूसारखा लागतो त्याचं पण हेच. फोडणीत एखादा टोमॅटो पाच मिनिटं चालतो, थर जुना झाला असेल तर. उकळत ठेवायचं नाही आणि झालेलं कढईतच झाकून ठेवायचं तर मुळीच नाही.

ताईने स्वतः कढई घासली आणि तेलाचा हात दिला. मी सांगायच्या आधी पुसून मॅट केली, तिला आजीने शिकवलंय.

१ सप्टेंबर, रविवार

दोन महिने तवा रोज वापरात आहे. आता माझी जी रोजची रीत बसलीय ती लिहून ठेवतो.

वापरून झाला की कोमट असतानाच गरम पाणी आणि काथ्या. लागलेलं असेल तर जाडं मीठ टाकून फडक्याने घासायचं. साबण चालतो का हे सगळे विचारतात, भांड्याचा साधा लिक्विड साबण दोन थेंब चालतो, झालेली फिल्म त्याने जात नाही. साबण लावू नका हे जुनं सांगणं कास्टिक असलेल्या साबणाचं आहे, कास्टिक ती फिल्म खरंच काढतं. डिशवॉशर नाही, रात्रभर सिंकमध्ये नाही. मग गॅसवर दोन मिनिटं, कारण फडक्याने पुसून बीड कधीच पूर्ण कोरडं होत नाही, आणि कोमट असताना तेलाचे चार थेंब, लावून पुसून. पावसाळ्यात कपाटात ठेवताना वर्तमानपत्राचा कागद, झाकण लावून कोंडायचं नाही. आठवडाभर बाहेर जाणार असू तर तेलाचा हात थोडासुद्धा जाड ठेवायचा नाही, चिकट होतो आणि खवट वास धरतो.

तवा तापला का ते थर्मामीटरशिवाय: पाण्याचे थेंब शिंपडायचे. बसून चुरचुरले तर अजून वेळ आहे, गोळ्या होऊन नाचायला लागले तर तापला, पण घावनाला तेवढा नको, तेव्हा आच कमी करून अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं आणि मग पीठ. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तरी द्यायची, अडीच किलोचं लोखंड तापायला तेवढी लागतातच.

बायको आता आंबोळ्या याच तव्यावर करते. नॉनस्टिक माळ्यावर गेला, तवा होता त्या जागेवर.

११ सप्टेंबर, बुधवार, कुडाळ

गणपतीला गावी आलोय आणि तवा सोबत आणला, गाडीत पायाशी, गोधडीत गुंडाळून. आज गौरीचा दिवस, आत्याकडे घावन-घाटलं असतं.

तिने तवा हातात घेतला, खिडकीकडे वळली आणि तळहात वरून फिरवला, आधी मध्ये मग कडेने, उलटा करून पाठीवर पण. ते ओतलेलं अक्षर तिला माहीत होतं. काही बोलली नाही, चुलीवर ठेवला. थेंब शिंपडून बघितले नाहीत, हात तव्याच्या वर एक वीतभर अंतरावर धरला, लाकूड थोडं मागे ओढलं, परत हात धरला. नारळाची शेंडी तेलात बुडवून, वाटीच्या कडेला निथळवून, तव्यावर एकदाच फिरवली. मग पीठ. मी मधून ओतून पसरवत होतो, ती बाहेरच्या कडेने गोल ओतत आत आली, पसरवलं काहीच नाही, पीठ पडलं तिथे चर्र करून जाळी होत गेली. झाकण. एक मिनिट असेल. झाकण काढलं तर कडा आपणहून वर आलेल्या, तिने उलथनं घातलं ते नुसतं उचलायला, धरलेलं कुठेच नव्हतं.

पहिलं घावन गौरीला. दुसरं गाईला. तिसरं मला दिलं, घाटल्यात बुडवून, आणि तेव्हा म्हणाली, "बरो झालो. आता घासून घासून पांढरो करू नको."

आप्पेपात्राचं सांगितलं. तिने विचारलं तुकडे ठेवलेस का, ठेवलेत म्हटलं.

चुलीच्या वर तिचे दोन तवे टांगलेले आहेत, धुरात, वर्षभर. धुराने ते कोरडे राहतात, कागद नाही, तेल नाही, गंज नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

पुण्यात परत. प्रवासात एका कानाला बोटभर गंज धरला होता, काथ्याने काढून एक हात दिला. कढईची मेंदीची रेघ अजून अंधुक दिसते, पुढच्या रविवारी तीत शेव तळायची आहे. आत्याने येताना नारळाच्या चार शेंड्या दिल्यात, त्या वाळवून तेलाच्या बरणीशेजारी ठेवल्या.